ठणठणीत असल्याचा दाखला

माननीय रॅटलिफबाई,

महिन्याला ऐंशी तास काम न केल्यास माझे अन्नसाहाय्य बंद होईल, हे आपले पत्र मिळाले. आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांना या अटीतून सूट आहे. परंतु मी ज्यांची देखभाल करते, ते माझे व्हर्लिनमामा स्वतःचे सर्व काही करू शकतात, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

ती चूक माझी. आमच्या डोंगरात डॉक्टरांकडे चर्चला जावे तसे नटून जातात. त्या सकाळी मीच मामांची दाढी केली, इस्त्रीच्या सदऱ्याची बटणे लावली. ऑक्सिजनचा सिलिंडर त्यांनी गाडीतच ठेवायला लावला.

"काय व्हर्लिन, कसं काय?"

"ठणठणीत! तुम्हीच वाळलात, डॉक्टर."

तीस वर्षे कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस परक्यापुढे धाप दाखवत नाही. मी संकोचाने गप्प राहिले. गाडीत बसताच त्यांचे ओठ निळे पडले.

आत्ताच मी त्यांना सांगितले, "गुरुवारी डॉक्टरांकडे परत जायचंय. दाढी नाही, इस्त्री नाही. सिलिंडर आत येईल."

"असा गबाळा नेणार मला? तुझ्या आईनं तुला झोडलं असतं, पोरी!"

"झोडू दे. पण तुम्हाला एकटं टाकून मी कामावर जाणार नाही, मामा."

ते बराच वेळ खोकले. मग या कागदाकडे पाहून म्हणाले, "माझं दुखणं तू लिहू नकोस. मीच सांगेन."

म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. मात्र गुरुवारी डॉक्टरांना सांगताना ते अर्ध्यावर थांबले, तर पुढचे वाक्य मी बोलेन.

आपली,
मरिंडा कॉम्ब्स
पूर्व केंटकी