दोन आयांचं दूध

आषाढ व. ४, शके १८५९
भोकरदन खाली राहिलं, मेंढरं वरच्या पठारावर आणली. गवत घोट्याच्या वर. सगुणेच्या माहेरच्या मेंढीचं नर कोकरू, पवळ्या, कळपाचा मेंढा म्हणून राखायचं पक्कं झालं. रीतीप्रमाणे त्याला दोन आयांचं दूध चालू, आपल्या आईचं आणि आणखी एका मेंढीचं. आबांनी वितीनं पाठ मोजली, मिशीत हसले. सगुणा, माझी बायको, तर हवेतच.

व. ७
चराईचा चपराशी पावती बघायला वर आलेला. कोकरं बघून म्हणाला, "माल तय्यार है." छाती फुगली माझी.

व. ८
सकाळी सगळ्यात गुबगुबीत कोकरी मेलेली. लांडग्याचा दात नाही, तोंडाला फेस. काल तर उड्या मारत होती.
आबा : "त्या चपराशाची नजर लागली."
सगळ्या कोकरांच्या गळ्यात काळे दोरे.

व. ११
आणखी दोन गेली. दोन्ही अंगानं भरलेली. आई नसलेलं रोडकं कोकरू मात्र मजेत चरतंय. खाऊनच मरताहेत, दुसरं काय. आबांना म्हणालो, पवळ्याची दुसरी आई तोडा, कळप खडकाळ उतारावर नेऊ.
"उपाशी ठिवून कुठं मेंढा घडतो का?"
सगुणा मधे पडली. "माझ्या माहेरचं हाय ते, मामंजी. रोडावलं तर रोडावू द्या. जितं राहू द्या."
आबा जेवले नाहीत.

अमावास्या
पवळ्याची तोडलेली दुसरी आई आबांनी एका काळ्या कोकराला लावली. "मंग माझा मेंढा ह्यो." कळप गवतातच. आमचा पवळ्या तेवढा उतारावर बांधलेला, दिवसभर ओरडतो. सगुणा कान झाकून बसते. आबांचा राग येतो. भीतीही वाटते, म्हातारा बरोबर निघाला तर...

श्रावण शु. ३
काळं टुमटुमीत. पवळ्याची हाडं हाताला लागतात. आबा मुद्दाम दोघांना शेजारी उभं करतात.

शु. ५
पंचमी. काळं गेलं. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन ऊन चढेपर्यंत बसले. मग उठले आणि सगळा कळप स्वतः उतारावर हाकला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

संध्याकाळी पवळ्यापुढं मूठभर गवत टाकलं. हुंगलं आणि तोंड फिरवलं. इतक्या दिवसांचा भुकेला.
सगुणा म्हणाली, "रुसून राह्यला माझ्यावर."
म्हणालो, असेल.
आबांनी त्याचे कान चाचपले, गार लागले; आता त्याच्याजवळ घोंगडी टाकून बसलेत.