हरवलेल्या छत्रीचं सूत्र

इंदोरा, नागपूर
८ ऑगस्ट २०२५

आदरणीय कामिनीआत्यास,
रोशनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. आमच्या घरी फोन कायम स्पीकरवर, आणि मला जे सांगायचं ते बाबांच्या कानावर जायला नको.

मागच्या सेमिस्टरला मॅथ्समध्ये बॅक लागली, हे तुझ्या भावाने तुला सांगितलंच असेल. त्याच दिवशी त्यांनी माझी जपानी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. आधी इलेक्ट्रिकलची डिग्री हातात येऊ दे, मग जपानी शिक नाहीतर चिनी, म्हणाले. चार वर्षं मी विहारात मिचिको मॅडमकडे शिकले. त्या गेल्या मायदेशी. आता माझ्याशी जपानीत बोलेल असं नागपुरात मला कुणी ठाऊक नाही, आणि डिग्रीला अजून अडीच वर्षं आहेत. परवा 'साबणा'ला जपानीत काय म्हणतात तेही आठवेना. मोरीत उभी राहून रडले गं.

बाबा मौद्याच्या वीज प्लांटात नाइट करून येतात आणि दिवसा झोपतात, तेव्हा घरात ब्र काढायची सोय नाही. म्हणून सकाळी कपडे वाळत घालायला स्लॅबवर जाते आणि पाठ असलेला एक जपानी धडा डोळे मिटून मोठ्याने म्हणते. एका बाईची छत्री रेल्वेत राहते. ती स्टेशनच्या खिडकीवर जाते. तिथला बाबू विचारतो, काय हरवलं, रंग कोणता, शेवटी कुठे पाहिलं, काही खूण? मग सापडली की कळवू म्हणतो. बस, एवढाच धडा.

तर शेजारच्या गोपिकाआजी त्यांच्या स्लॅबवर मुगाच्या वड्या घालत होत्या. दोन्ही स्लॅबच्या मध्ये नुसती गुडघाभर भिंत, तुला माहीतच आहे. पोरगी विहारात शिकली, म्हणजे हे बुद्धाचं सूत्रच असणार, असं त्यांना वाटलं. चपला काढून, हात जोडून बसल्या! मी खरं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "थांबू नको वं माय, म्हण." आणि वंदनेत म्हणतात तशी प्रत्येक ओळ माझ्यामागे म्हणू लागल्या. शिवाय खाली जाऊन त्यांनी बाबांनाही सांगितलं. बाबा इतके खूश झाले की रोज म्हणत जा म्हणाले.

आता मी काय करू? खरं बोलले तर स्लॅबही बंद होणार.

उत्तर लवकर दे, आणि या वेडीवर माया राहू दे.

तुझी,
रोशनी


खापा
१५ ऑगस्ट २०२५

चि. रोशनीस,
आत्याचा जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. छत्रीला हात जोडले गोपिकाबाईंनी! शाळेत एवढी वर्षं घालवली, पण असा धडा मला शिकवता आला नाही.

हसून झाल्यावर मात्र काळजी वाटली. पोरी, आजच सांगून टाक. आज सांगशील तर सगळे हसतील. दोन महिन्यांनी कुणी हसणार नाही.

तुझ्या बाबांवर, विश्वनाथवर, डूख धरू नकोस. त्याच्या हाताखाली काम शिकलेली पोरं डिग्रीच्या जोरावर साहेब झाली आणि आता त्याला नावाने हाक मारतात. हे तो तुला कधी सांगणार नाही. मला एकदाच बोलला होता, जेवता जेवता, आणि मग ताटावरून उठला. म्हणून त्याला तुझ्या हातात फक्त तो एक कागद दिसतो. हट्टी आहे, पण ऐकून घेतो.

इकडे कन्हान नदी फुगली आहे. माझे गुडघे बरे म्हणायचे. जेवत जा वेळेवर.

आठवण काढत राहा, मीही काढतेच.

तुझी आत्या


इंदोरा, नागपूर
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रागावू नकोस. नाही सांगितलं.

झालं असं की आजींना बाबूच्या ओळी पाठ झाल्या. एके दिवशी मी ठसका लागून थांबले, तर त्यांनी आपणहून पुढचं विचारलं, रंग कोणता? आत्या, माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून मी बाई आणि त्या बाबू. मॅडम गेल्यानंतर पहिल्यांदा मला कुणीतरी जपानीत प्रश्न विचारतंय! मी उत्तरं बदलून बघते. कधी लाल छत्री, कधी काळी. त्या तितक्याच भक्तीने पुढचं विचारतात. आता त्यांची सून मायाकाकू येते, गल्लीतल्या आणखी बायका येतात. सगळ्या चपला काढून बसतात.

आजी म्हणतात, हे सूत्र म्हणून राहिली तेव्हापासून झोप लागते. मग कोणत्या तोंडाने सांगू की आजी, तुम्ही रोज मला छत्रीचा रंग विचारता?

खरं तर मला माझी भाषा सोडवत नाही, म्हणून मी गप्प आहे. त्यांच्या श्रद्धेवर मी जपानी जगवून राहिली. कॉलेजात ट्रान्सफॉर्मरची गणितं, घरी बाबांचा चेहरा, आणि जी एक मोकळी जागा होती तिथेही आता जीव घुसमटतो. कुठूनच बाहेर पडता येत नाही गं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येशील तेव्हा बोलू. तोवर कान उपट, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
रोशनी


खापा
२८ ऑक्टोबर २०२५

चि. रोशनीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

विश्वनाथ काल येऊन गेला. गोपिकाबाई गेल्याचं सांगताना लहान मुलासारखा रडला. दसऱ्याच्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, कारण माझा हात गोपिकाबाईंनीच धरून ठेवला होता. तुझ्या भाचीनं मले म्हातारपणी शाळेत घातलं, म्हणत होत्या.

रविवारी त्यांच्या श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदन आहे. भन्तेजींची वंदना झाली की रोशनी जपानी सूत्र म्हणणार, असं तुझे बाबा गल्लीभर सांगून बसले आहेत. मी त्याला काही बोलले नाही. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. स्लॅब जाईल, कदाचित तुझं जपानीही जाईल, मला कळतं. तरी त्या बाईच्या फोटोसमोर छत्री म्हणू नकोस.

मी तुझ्या बाजूने आहे, हे लक्षात असू दे.

तुझी आत्या


इंदोरा, नागपूर
७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबांना सांगायला दोनदा गेले. दोन्ही वेळा ते खुर्च्यावाल्याशी बोलत होते, आणि माझा धीर सुटला.

रविवारी माइकपुढे उभी राहिले ती मराठीत सगळं कबूल करायचं ठरवूनच. समोर आजींचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. तोंड उघडलं आणि सवयीने धड्याची पहिली ओळच बाहेर पडली: माफ करा, माझं काहीतरी हरवलं आहे. मी गपकन थांबले. तेवढ्यात बायकांमधून मायाकाकूने हात जोडून, हुबेहूब आजींच्या सुरात विचारलं, काय हरवलं?

तिला अर्थ ठाऊक नव्हता, आत्या. मला छत्री म्हणवेना. मी म्हणाले, एक म्हातारी बाई. मग सगळ्या बायकांनी विचारलं, रंग कोणता? पांढरं लुगडं, निळे काठ. शेवटी कुठे पाहिलं? स्लॅबवर, वड्यांपाशी. काही खूण? हनुवटीवर हिरवं गोंदण. पुस्तकात नसलेली ही माझी पहिली वाक्यं. अडखळले, चुकलेही असेन. शेवटी बाबू म्हणतो, सापडली की कळवू. तेही सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या. त्यावर धड्यात बाई आभार मानते. मला मानता आले नाहीत. मी तिथेच रडले.

मग छत्रीपासून सगळं मराठीत सांगितलं. मायाकाकूने एवढंच विचारलं, सासूबाई रोज तुले हेच विचारत होत्या काय? मी हो म्हणाले. तिने पदर तोंडाला लावला.

बाबांनी सोमवारी स्लॅबच्या दाराला कुलूप घातलं. लोकांना हात जोडायला लावलंस, म्हणाले. त्यांचं खरं होतं. चार दिवस मी नुसती कॉलेज आणि घर करत होते.

आज सकाळी बाबा नाइटवरून येऊन आडवे झाले होते आणि मी खिडकीशी इलेक्ट्रिकल मशीनच्या पेपरचा अभ्यास करत होते. वर शेजारच्या स्लॅबवर कपडे झटकल्याचा आवाज आला. मग मायाकाकूने मोठ्याने, जपानीत विचारलं, काय हरवलं? आता तिला अर्थ माहीत आहे. थोडं थांबून तिने पुन्हा तेच विचारलं. मी उत्तर द्यायला गेले, इतक्यात बाबांनी कूस बदलली. मी तोंड मिटलं.

डोळे न उघडताच बाबा म्हणाले, "उत्तर दे तिले. कवाची वाट पाहून राहिली ते."

कुलूप अजून तसंच आहे. मी खिडकीतूनच उत्तर दिलं.

आणखी काय लिहू? माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
रोशनी