ग्रान रेझेर्वा २००१ आणि माझं नाक

५ जानेवारी, सकाळी ७
या वर्षी संकल्प एकच. कोल्हापूरला वाइन शिकवायची.
टाइल्सच्या प्रदर्शनाला स्पेनला गेलो होतो तेव्हा आणलेली बाटली आज कपाटातून काढली. रिओहा भागातली लाल वाइन, ग्रान रेझेर्वा, २००१. जुन्या पद्धतीची. आधी ओकच्या पिंपात मुरलेली, मग बाटलीत. कसबा बावड्यात अशी दुसरी बाटली नसणार. ती ओळखणारं दुसरं नाकही नसणार.

६ जानेवारी
माझ्या बायकोचा, वर्षाराणीचा चुलतभाऊ राजवीर मलकापूरला रिसॉर्ट काढतोय. त्याचा फोन आला. वाइनची निवड तुम्हीच करा दाजी, मेनूकार्डावर नाव छापतो, म्हणाला. फक्त त्याच्या बायकोसमोर एकदा टेस्टिंग करून दाखवायचं. ती स्नेहल, लग्नाआधी नाशिकला वायनरीच्या लॅबमध्ये होती. लॅब वेगळी, रसिकता वेगळी. १९ तारीख, रविवार, दुपारी जेवणाआधी असं ठरलं.

८ जानेवारी
ऑनलाइन कोर्सचा तिसरा धडा. या वाइनला व्हॅनिला, सुकं अंजीर, तंबाखू आणि चामड्याचा वास येतो. पाठ केलं. सरावासाठी चप्पल लाइनला जाऊन एक कोरी चप्पल नाकाशी धरली. काही आलं नाही. हल्लीचं चामडं भेसळीचं.

११ जानेवारी
वर्षाराणीच्या तांबड्या रश्श्याला आज दहापैकी दोन. फ्रिजवरच्या तक्त्यात नोंद केली. चार वर्षं तक्ता लिहितोय, सुधारणा शून्य. २०२१च्या त्या तापातून मी ठणठणीत बरा झालो, पण तेव्हापासून हिच्या हाताची चव गेली ती गेलीच. तिने तीनदा मसाला बदलला, माहेरची मिरची आणली, आईला फोन करून रडली. आज म्हणाली, पावणं बोटं चाटत्यात, तुम्हालाच कसं न्हाय लागत? मी सांगितलं, पाहुणे खोटं बोलतात, खरं फक्त नवरा बोलतो.

१५ जानेवारी
१९ला सकाळपासून घरात फोडणी बंद, असं बजावलं. माझं नाक डिस्टर्ब होतं. ती मान खाली घालून भाजी निवडत राहिली. समजूतदारपणा वाढतोय.

१९ जानेवारी, संध्याकाळी ६
टेस्टिंग झालं. एकूण यशस्वी. जे घडलं ते नीट लिहून ठेवतो, पुढे लोक विपर्यास करतील.
बूच काढलं, ग्लास फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. व्हॅनिला, म्हणालो. मग अंजीर. मग दूरवर चामडं. डोळे उघडले तर राजवीर ग्लास तोंडापासून लांब धरून बसलेला. स्नेहल हळू आवाजात म्हणाली, दाजी, बूच खराब निघालंय, वाइन गेली. वर्षाराणीने ग्लास हुंगला आणि म्हणाली, भिजलेल्या पोत्याचा वास मारतोय की.
मी म्हणालो, तेच चामडं.
कोणी हसलं नाही. तेवढी सभ्यता होती.
स्नेहलने विचारलं, तुम्हाला वास कधीपासून येत नाही? मी म्हणालो, माझ्या नाकाचा हा अपमान आहे. वर्षाराणी उठून आत गेली, तीन वाट्या घेऊन आली. डोळे मिटा, म्हणाली. मिटले. तज्ज्ञाने परीक्षेला घाबरू नये. पहिली वाटी, मी म्हणालो, व्हॅनिला. दुसरी, अंजीर. तिसरी, तंबाखू, उत्तम प्रतीचा.
डोळे उघडले. कॉफी, हिंग आणि सुकट.
सुकटाची वाटी अजून नाकाखालीच होती.
वर्षाराणीने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, म्हंजे माझ्या हाताची चव गेली न्हवती. कोणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली. तिने तक्ता काढला, चार घड्या केल्या आणि कचऱ्यात टाकला. मग स्वयंपाकघरात जाऊन चर्रकन फोडणी दिली. पाहुणे दोनदा रस्सा मागून घेत जेवले. माझ्या ताटात काय होतं ते पाहिलं नाही.

२२ जानेवारी
कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो, वर्षाराणीच्या समाधानासाठी. त्याने बारा बाटल्या हुंगवल्या. बाराही बाटल्यांत पाणीच असावं. त्याचं मत, वास चार वर्षांपूर्वीच गेला, आता परत येणं अवघड. तेव्हाच का आला नाहीत, असं विचारत होता. मी विचारलं, तुम्ही रिओहा प्यायलाय का? नाही म्हणाला. विषय संपला.

२५ जानेवारी
राजवीरचा फोन. मला वाटलं मेनूकार्डाचं असेल. ताईला द्या, म्हणाला. रिसॉर्टचं किचन तिने सांभाळावं अशी स्नेहलची इच्छा. वर्षाराणी फोनवर फक्त व्हय म्हणाली. मला विचारलं नाही. मीही मोठ्या मनाने हरकत घेतली नाही, कारण तोवर तिची बॅग भरून झाली होती.

२८ जानेवारी
गेली. जाताना विचारलं, परत कधी? म्हणाली, बघू. मग माझ्या जेवणाचं काय? त्यावर म्हणाली, तुम्हाला कुठलंबी चालतंय. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर समजूत काढली असती.

२ फेब्रुवारी
एकट्याने राहणं सोपं आहे. संकल्प: स्वावलंबन. फ्रिजमधलं दूध तसंच प्यायलो, दिवसभर पोट बिघडलं. वास मारत होतं म्हणे, उरलेलं हुंगून शेजारच्या चिमणाबाई सांगत होत्या. दिसायला पांढरंशुभ्र होतं.

५ फेब्रुवारी
वर्षाराणीला फोन. कालची आमटी चांगली आहे का, ते कसं ओळखायचं? म्हणाली, हुंगून बघा. मागे भांड्यांचा आवाज, माणसं हसत होती. मग म्हणाली, इथं गर्दी हाय, ठेवते.

९ फेब्रुवारी
कपडे धुवायला माणूस मिळालेला नाही. पण शर्ट डोळ्यांना स्वच्छ दिसतो, म्हणून आठवडाभर तोच घातला. माझ्या टाइल्सच्या शोरूममध्ये एक बदल जाणवतोय. गिऱ्हाईकं आता माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहून बोलतात. कामगार तर माझ्या खोलीत येतच नाहीत, दारातूनच विचारतात. टेस्टिंगची बातमी गावात पोचली असणार. मान वाढला आहे.