एकही फाटकी चादर नाही

ता. ४ मार्च

आधी भांडण, आशीर्वाद मागाहून. तुझ्या काकूला काल घडीच्या टेबलावरून उठवलं आणि मळक्या कपड्यांच्या खोलीत धाडलं. का, तर तुझ्या घड्याळानं ठरवलेल्या आकड्याइतक्या चादरी तिच्या हातून घडी होत नाहीत. परक्यानं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बोंब मारली असती. आता कुठे मारू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

आता रीत. चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद. इकडे ठीक आहे, म्हणजे जिवंत आहोत. फोनवर तू हो आजी, बघते आजी करतेस आणि ठेवतेस, म्हणून कागद घेतला. शाळा माझ्या वाट्याला जेमतेम आली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या ज्या कारखान्यात मी केस पांढरे केले, तिथेच तुझ्या कंपनीनं तुला कामाचं माप घ्यायला पाठवलं, तेव्हा मी गल्लीभर मिरवले. माझी नात इंजिनिअर, बायकांचे कष्ट कसे कमी होतील ते शोधून काढते, असं ज्याला त्याला सांगितलं. टेबल उंच करून घेतलंस, चादरींची गाडी हाताशी आणलीस, बायकांच्या कमरा सुटल्या. ते चांगलंच केलंस. पण मग तो आकडा भिंतीवर लागला, आणि आता रोज संध्याकाळी सुपरवायझर एकेकीला उभी करून विचारतो की बाई, हात कुठे ठेवून आलात? पहिली तुझी काकू मागे पडली. मी नळावर गेले की बायका बादल्या उचलून निघून जातात.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आधी लाज असू दे, लोभाचं नंतर बघू.

आजी


ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि मग खुर्ची शोधली. काकूचं मला खरंच ठाऊक नव्हतं. फोनवर ती मजेत आहे म्हणाली होती.

पण आजी, तो आकडा मी हवेतून काढलेला नाही. मी अख्खी पाळी त्या टेबलाशी उभी होते. सगळ्यांत चपळ बाईचा वेग मी धरलाच नाही. पाणी पिणं, दमणं, हात मोकळे करणं, सगळ्याला वेळ सोडला. कोणाला पळवलं नाही. काम कसं तेल घातल्यासारखं चाललं होतं! साहेब तर तो कागद आता दुसऱ्या कारखान्यांत नमुना म्हणून दाखवतात. माझं कायम होणं त्यावरच ठरायचं आहे.

मग बिघडलं कुठे? मशीन कुरकुरतं का? बायका नव्या आल्या का? जरा विचारून कळव. टोमणे जपून ठेव, आधी कारण पाठव.

रागातसुद्धा तुझीच,
टिटवी


ता. १३ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईंना कळू देऊ नकोस. तू कारण विचारलंस, तेव्हापासून त्यांनी तुझं पत्र उशीखाली घातलंय आणि कोणाला काही विचारलेलं नाही. विचारायची गरजच नाही त्यांना.

तू येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आई आमच्या घडीच्या हॉलवर आल्या. सगळ्यांना म्हणाल्या, उद्या माझी नात येतेय, पोरीचं पहिलंच काम आहे, तिच्या साहेबासमोर माझं नाक कापू नका. आईंचा शब्द कोण मोडणार? आम्ही सगळ्याजणी थांबलो आणि दुसऱ्या दिवशीचा ढीग चाळला. फाटक्या आणि डागाच्या चादरी वेचल्या, गोण्यांत भरल्या, गोण्या जिन्याखाली लोटल्या.

रोज तसं नसतं ग. फाटकी आली की हात थांबतो. उजेडात धरायची, शिवण्याजोगी आहे का टाकायची ते बघायचं, बाजूला ठेवायची. डाग दिसला की परत धुवायला. दिवस त्यातच जातो. त्या दिवशी तुला नुसती घडी दिसली. फसवावं म्हणून कोणी केलं नाही. पाहुणे येणार म्हणून केर काढतो, तसं झालं.

माझा खांदा आखडतो, म्हणून मी पहिली मागे पडले, एवढंच. त्या खोलीत वास असतो, हातमोजे आतून भिजतात. सवय होईल. आई हल्ली माझा चहा स्वतः करून देतात आणि देताना भिंतीकडे बघतात. त्यांना टोचून लिहू नकोस. तब्येत सांभाळ.

तुझी काकू


ता. १९ मार्च

ती. आजीस सा. न.

जिन्याखालच्या गोण्या मला कळल्या. कोणाकडून ते विचारू नकोस.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले होते. जमलं नाही. कारण दिवसभरात एकही फाटकी चादर आली नाही, हे मला त्या दिवशीच दिसलं होतं. वर्षानुवर्षं उकळलेल्या हॉस्पिटलच्या चादरी, आणि एकीला साधं भोक नाही! दुपारी मनात आलं की विचारावं. तेवढ्यात साहेब येऊन म्हणाले, असा हॉल मी पाहिला नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि प्रश्न गिळला. काम रोजच्यासारखं चाललंय ना, हे आधी विचारायचं आणि मग घड्याळ काढायचं, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवतात. तुम्ही लपवलंत ते मायेपोटी. मी बघून न बघितल्यासारखं केलं ते शाबासकीपोटी.

आज साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. माप पुन्हा घ्यायचं ठरलंय. घड्याळ दुसऱ्याच्या हातात असेल, मी बाजूला उभी राहीन. पण सुपरवायझर म्हणतो, या वेळी बायका मुद्दाम हात आखडतील. त्यांना समजावू शकेल असं तुझ्याशिवाय कोणी नाही. मला तर त्यांच्याकडे मान वर करून बघवणार नाही.

आजी, मला क्षमा कर.

टिटवी


ता. ७ एप्रिल

चि. टिटवीस आशीर्वाद. या वेळी आशीर्वाद आधी, कारण भांडायला तोंड उरलेलं नाही.

गोण्यांचं कोणी सांगितलं ते विचारू नकोस म्हणतेस. या घरात लिहिता येणारी दोन माणसं, त्यातली एक मी. विचारायचं काय त्यात? हो, मीच सांगितलं होतं. पहिल्या पत्रात तुझ्यावर तोंडसुख घेतलं, तेव्हाही मला ते पुरतं आठवत होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मधल्या सुट्टीत हॉलवर गेले. कोणी स्टूल पुढे केलं नाही. इस्त्रीवाली म्हणाली, आजी, तेव्हा पळा म्हणालात, आता काय रांगा म्हणायला आलात? सगळ्या हसल्या. मी म्हटलं, पळू नका नि रांगू नका, रोज करता तसं करा. माझं नाक गेलं, आता तुम्ही वाचवावं असं काही राहिलं नाही. त्या डबे झाकून उठल्या. इतकी वर्षं ज्या टेबलाशी उभी राहिले, तिथून परत फिरताना दार कुठल्या बाजूला उघडतं तेच सुचेना.

माप घेताना तू होतीसच. बायकांनी हात आखडले नाहीत, हे तूही पाहिलंस. तुझा तो टकला सोबती प्रत्येक फाटक्या चादरीला मान हलवून घड्याळ बघत होता. परवा नवा आकडा भिंतीवर लागला. माणसाच्या हाताला झेपेल असा आहे. काकूला सोमवारपासून परत टेबलावर बोलावलंय.

म्हणून झालं गेलं विसरून जाऊ, असं मनात आणू नकोस. तू माझी क्षमा मागतेस, मी तुझ्यापाशी कबुली देते, आणि आपल्या दोघींचं कसं छान जुळतंय. परक्यांच्या रक्ता-पुवाच्या चादरी उपसल्या कोणी? तुझ्या अख्ख्या पत्रात काकूचा उल्लेख नाही. माप घेतलं त्या दिवशी घरी आलीस, तिनं वाढलेलं जेवलीस, तिच्याशी उकाड्याच्या गप्पा मारल्यास आणि गाडी गाठलीस. मी तर तिच्याबरोबर एका छपराखाली राहते. काल ती ताट वाढत होती, तेव्हा माझं चुकलं म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं की भाजीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. ती आत गेली आणि मीठ घेऊन आली.

तेव्हा आता ऐक. या पत्राचं उत्तर मला पाठवायचं नाही, पाठवलंस तर फोडणार नाही. काकूला लिही. त्यात तुझ्यापुरतंच लिही, माझी माफी मधे चिकटवू नकोस. माझी मलाच मागायची आहे, मीठ न मागता. आणि तिनं तुला उत्तर दिलं नाही, तर का दिलं नाही म्हणून तिला फोन करायचा नाही. उत्तर द्यायचं की नाही, ते तिनं ठरवायचं.

आजी