पुस्तकातल्या बाईचं सुतक

माय,

तुला अक्षर येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता कितीतरी वर्षं लोटली. तरी आज तुलाच लिहायला बसले आहे. वसमतच्या आपल्या घरामागे मुसलमान रंगाऱ्यांचं घर होतं, त्यांची लेक माझी मैत्रीण. तिला क्षय झाला आणि ऐन हळद शिजवायच्या दिवसांत ती गेली. तिच्या दारात बायका रडत होत्या आणि मी आपल्या अंगणात वाळत घातलेली हळद खालीवर करत होते. मला डोळे पुसताना बाबांनी पाहिलं. "काहून रडून राहिलीस? ती का सोयऱ्यातली हाय? आपल्याला तिचं सुतक न्हाई." बाबा दुष्ट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण मला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

तेव्हा मामांनी पुण्याहून आणलेली कादंबरी मी तुला दुपारी वाचून दाखवत होते. तुझ्या लेखी छापलेलं सगळं पोथीच. तू पुस्तक पाटावर ठेवायला लावायचीस, वर हळदकुंकू वाहायचीस, अध्याय अर्धा सोडू द्यायची नाहीस. त्यातली सून क्षयानं अंथरुणाला खिळलेली, पदरात लहान लेकरू. मैत्रीण गेल्यावर ते मला वाचवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. सुनेचा खोकला आला की मी वाचता वाचता थांबायचे, आणि तू म्हणायचीस, "हं, पुढं."

शेवटच्या दुपारी मी वाचलं, सून गेली. तू उठलीस, न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस आणि मला हाक मारलीस, "ये, तूबी न्हा." बाबा ओसरीवरून हसले. "पुस्तकातल्या बाईचं सुतक पाळून राहिलीस व्हय?"

"मेली म्हणून कानानं ऐकलं, पाणी घ्यावंच लागतंय," म्हणत तू माझ्या डोक्यावर तांब्या रिकामा केलास. त्या पाण्याखाली मी हुंदके देऊन रडले आणि कुणी काहून म्हणून विचारलं नाही. तू पाठीवरून हात फिरवत राहिलीस. माझं रडणं कुणासाठी ते तुला कळलं होतं, का खरोखर त्या सुनेसाठीच तू न्हालीस, हे मला आजही ठरवता येत नाही.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. पुस्तकात ती सून मरत नाही. हवापालट करून बरी होते, आपल्या पायांनी घरी येते. माझी मैत्रीण मातीत आणि ही उंबरा ओलांडून आत, हे मला तोंडानं म्हणवेना. म्हणून मीच तिला मारलं, माय. आणि तू पुढं कितीतरी दिवस भाकरी थापता थापता मला विचारत होतीस, "तिच्या त्या लेकराला आता कोण बघत आसंल गं?"