गार्नेट नक्की कुठला?

आहिहिक, मेक्सिको
२ मे

प्रिय लाइल,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे आणि हेझलचा दमा आटोक्यात असतील असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. गार्नेट नाही. त्याच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, "ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया व्हायलाच हवी, बाई. सप्टेंबरचं मी बोलत नाही." इथल्या खाजगी रुग्णालयाचा आकडा ऐकून गार्नेट मला म्हणाला, "एवढ्या पैशात तुला नवा नवरा मिळेल." (विनोदबुद्धी शाबूत आहे. झडपेऐवजी ती बिघडली असती तर चाललं असतं.)

तिकडे कॅनडात ही शस्त्रक्रिया फुकट होते. त्याची का होणार नाही, ते ऐक. सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे कायमचे आलो तेव्हा, कर वाचावा म्हणून, गार्नेटने कॅनडाशी सगळे संबंध तोडायचं ठरवलं. घर विकलं, गाडीचा परवाना परत केला. मग, कुणी विचारलेलं नसताना, ज्यावर उपचार फुकट होतात त्या आरोग्य कार्डाच्या कचेरीला फोन केला. "सॉरी हं, आम्ही आता तिकडे राहत नाही. आधीच कळवायला हवं होतं." पलीकडची बाई गहिवरली. "असं स्वतःहून कुणी सांगत नाही हो, काका!" कार्ड त्याच आठवड्यात रद्द. हा दिवसभर शीळ घालत होता.

मात्र बर्फावर दगड सरकवायचा त्याचा तो कर्लिंग क्लब त्याला सोडवेना. ट्रेल गावच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारी घेतलेली जागा, तुझ्या गॅरेजमधली होडी, एक बँक खातं, हेही राहिलंच. यंदा कर खात्याने हे सगळं मोजून कळवलं, की आपण अद्याप कॅनडाचेच रहिवासी आहात, सहा वर्षांचा कर भरावा. मी ते पत्र तडक आरोग्य कचेरीला पाठवलं. उत्तर आलं: कराचं रहिवासीपण वेगळं, आमचं वेगळं; आमच्याकडे माणूस प्रत्यक्ष प्रांतात राहावा लागतो. म्हणजे कर भरायला गार्नेट तिथला, पुरायला तिथला, फक्त आजारी पडायला परका.

"कर भरायचा नाही, तर आजारीही पडू नका," असं तू नाताळच्या जेवणात त्याला म्हणालास, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. तू बरोबर होतास. हे मी एकदाच लिहीत आहे.

हेझलची आठवण काढली म्हणून सांग.

तुझी,
व्हर्ना

ता. क. तुझ्या तळघरातली खोली आम्हाला हवी आहे. आम्ही तिथे राहतो असं सहीनिशी लिहूनही द्यावं लागेल.

ता. क. २. आम्हाला तूच बोलावलंस असं गार्नेटला वाटतं. तसंच वाग.

ता. क. ३. तिकिटं काढली आहेत, तेव्हा नकार कळवत बसू नकोस. आलो तो महिना संपून वर दोन महिने गेले की नवं कार्ड लागू होतं. एकतीस मेला पोचलो तर एक ऑगस्टला. एक जूनला पोचलो तर एक सप्टेंबरला. आम्ही एकतीसला संध्याकाळी उतरतो. विमान चुकलं, तर खोलीत माझ्यापुरताच पलंग टाक.