मांजर नसलेला फोटो

प्रिय भोपळ्या,

हे नाव आता तुला चालतं की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला लिहायला घेतलं की हात अडतो. हाताने लिहिलेलं पत्र बघून आई आजारी वगैरे आहे की काय असं समजू नकोस. मी ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबाही कुरकुरतात, दोन्ही पूर्वीसारखंच. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुझ्याच बाबतीत झाली आहे. ती सांगायला बसले आहे, पण एकदम तिथवर यायचा धीर होत नाही. थोडं सांभाळून घे.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. प्रयोगशाळेतल्या पोरांनी निरोपाला काय द्यावं? चौकटीत बसवलेलं धूळ पुसायचं फडकं! मी हसले, पण घरी येईपर्यंत ते जरा लागलंच. एवढी वर्षं तेच तर केलं. लांबच्या दवाखान्यांतून जुनाट यंत्रांवर काढलेले एक्स-रे यायचे, वाळू उधळल्यासारखे दाणेदार. ते दाणे काढून चित्र स्वच्छ करायचं आणि मग वाटेत कुणी डोकावू नये म्हणून त्याला कुलूप घालून मोठ्या इस्पितळाकडे पाठवायचं. आधी धुवा, मग कुलूप लावा, उलटं केलंत तर आतलं सगळं वाहून जाईल, हे मी नव्या पोरांना इतक्यांदा ओरडून सांगितलंय की ती माझी नक्कल करायची.

तुला तर हे नऊ वर्षांचा असतानाच कळलं होतं. आठवतं ना? चित्र म्हणजे नुसते ठिपके आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. आकडा किंचित बदलला तर डोळ्याला कळत नाही, आणि त्या बदलात अख्खं वाक्य बसतं. मी आपल्या एका कानाच्या मांजराच्या फोटोत 'डबा संपव' असं लपवून ठेवायचे आणि तू शाळेतून आलास की दप्तर फेकून ते शोधायला बसायचास. परवलीचा शब्द अर्थातच भोपळ्या. फाईलचं नाव नेहमी 'मांजर', मग फोटो कशाचाही असो. लपवायचंच असेल तर अंधुक, दाणेदार फोटो घे, तिथे कुणाला शंका येत नाही, हेही मीच शिकवलं. एकदा तू त्यातूनच कबूल केलंस की पाण्याचा माठ तू फोडलास. समोर सांगायला भ्यायला होतास, आणि मीही मग समोर रागावले नाही.

पुढे तू मोठा झालास आणि माझ्याच प्रयोगशाळेत मी तुझी जागा पक्की केली. ती सोडून तू एका सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या दुकानात जाऊन उभा राहिलास, आणि तिच्याशीच लग्न करतो म्हणालास. तुझ्या नखांतलं ते काळं ग्रीस बघून माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगते, ग्रीस हे निमित्त होतं. मला न विचारता तुला सुख सापडलं, ते मला झोंबलं. तुझ्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणार नाही, असं तिच्यादेखत बोलून गेले. बोलताक्षणी जीभ चावली, पण शब्द मागे घ्यायची सवय कुठे होती मला.

तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तुझा एक फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. संध्याकाळचं स्वयंपाकघर, खिडकीशी एक रिकामी खुर्ची, आणि सगळीकडे दाणे. मला वाटलं, मुलाने घर दाखवलंय. मी हरखले. आणि हरखले की मी काय करते? साफसफाई! आधी तो फोटो तसाच बाबांना बघायला पाठवून दिला आणि मग दुपारभर बसून त्यातला दाणा न् दाणा काढला. खुर्चीचे वेतसुद्धा मोजता येतील असा लखलखीत केला, फाईलचं नाव न वाचताच माझ्या शिस्तीप्रमाणे तारीख घालून बदललं, मूळ फोटो काढून टाकला, आणि तो पुसलेला फोटो तुला परत पाठवला. खाली लिहिलं, 'फार घाण होती, काढून टाकली.' त्यानंतर तुझ्याकडून काहीच आलं नाही. मी म्हटलं, अजून अढी आहे, असू दे.

परवा बाबांचा मेलबॉक्स भरून बंद पडला. त्यांनी आयुष्यात एक पत्र काढून टाकलेलं नाही. मी पदर खोचून बसले आणि खाली जाता जाता तुझा फोटो दिसला, मूळचा. एका साध्या फोटोच्या मानाने फाईल फारच जड. आणि नाव, मांजर. परवलीचा शब्द घातला आणि तुझं वाक्य उघडलं. 'आई, जूनमध्ये बाळ येतंय. उघड विचारलं तर तुला तुझा शब्द मोडता येणार नाही, म्हणून इथे विचारतो. येशील?'

मी बाबांना हाक मारली. त्यांनी वाचलं, कपाटातून एक पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत फोटो होता, उलटसुलट बूट घातलेली एक मुलगी, तुझ्यासारखीच कपाळाला आठी घालून. वर्षातून दोनदा ते मित्राकडे म्हणून जायचे, ते कुठे जायचे हे तेव्हा कळलं. म्हणाले, तू परत पाठवलेला फोटो त्याने उघडून पाहिला गं, आत काहीच उरलं नव्हतं, त्याला वाटलं तू वाचलंस आणि पुसून परत पाठवलंस, मलाही तेच वाटत आलं. म्हणजे तीन वर्षं हा माणूस मला तसली बाई समजूनही रोज सकाळी चहा करून देत होता. मी खूप रडले.

मी वाचलं नव्हतं रे, दाण्यांबरोबर तुझं वाक्यही नकळत धुऊन गेलं. माझा दोष नाही असं म्हणायला हे लिहीत नाही. जे मीच तुला शिकवलं, ते मला ओळखू आलं नाही, हा दोष माझाच. तू मला मान न घालवता हो म्हणायची वाट काढून दिली होतीस आणि मी ती घासून पुसून काढली. म्हणून या पत्रात काही लपवलेलं नाही, कुलूप नाही, खाडाखोडही तशीच ठेवली आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं होतं, तेव्हाही. आता मी विचारते, तुझ्या बायकोलाही पत्र वाचायला दे, तिच्यासमोर विचारते. मी येऊ का? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण उघड म्हण. आणि नातीचं नाव काय ठेवलंत, तेवढं दोन्ही उत्तरांत लिही. बाबांना विचारलं तर म्हणाले, ते त्यालाच विचार.

वाट पाहणारी, तुझीच
आई